सुटलेल्या चौकटी

कुमासीत शनिवार मेलेल्यांचा,
रविवार ते शुक्रवार माझा.

तीन कॅमेरे, कधी चार, त्यातला एक वर उडणारा,
लाल-काळी कापडं, तंबू, भाड्याच्या खुर्च्या,
कुणी किती सेडी दिले त्याची भोंग्यावरून घोषणा,
हे सगळं माझ्या टेबलावर येऊन पडतं
आणि माझा जुना कॉम्प्युटर
जिना चढणाऱ्या दमेकऱ्यासारखा
दर चार पायऱ्यांवर थांबतो.

म्हणून आज आडुममध्ये, बोआदूच्या दुकानात,
स्टुलावर बसले आहे.
पर्समध्ये आठ महिन्यांची बचत,
पिशवीत एक हार्ड डिस्क, डोक्याच्या रुमालात गुंडाळलेली.

बोआदू काचेची एक पेटी पुढे सरकवतो.
आत निळे-जांभळे दिवे.
"ही घे, सिस्टर फ्रिम्पोमा, गेम खेळणारी पोरं हिच्यावर जीव टाकतात."
दिवे माझ्याकडे पुष्कळ आहेत, मी म्हणते,
नसते ती वीज.
तो हसतो. कोअर मोजून दाखवतो, सोळा,
वांगी मोजावीत तसे.

पंखा किती आवाज करतो?
हे त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही.
पण मला ढोलाखाली दबलेला हुंदका ऐकायचा असतो,
तो वर आणायचा की तिथेच राहू द्यायचा
हे ठरवायचं असतं,
आणि खोलीत आधीच यंत्र घरघरत असेल
तर कुणाचं काय ऐकू येणार?

रॅम चौसष्ट की बत्तीस?
ग्राफिक्स कार्ड कोरं, की कुणी वापरून विकलेलं?
यूपीएस धरून हिशोब कर, बोआदू, नंतर नको.
अंथरूण पाहून पाय पसरावेत, कबूल,
पण आठ वर्षं मी पाय पोटाशी घेऊनच झोपले आहे.

मग डिस्क काढते. "हे चालवून दाखव."
गेल्या महिन्यातला ओपान्यिन द्वोमोंचा शनिवार.
काम संपलेलं, पाठवलेलं, पैसे मिळालेले.
मुलगा हॅम्बुर्गला, त्याला येता आलं नव्हतं,
बघून झाल्यावर फोनवर नुसतं "मेदासे" म्हणाला,
आणि बराच वेळ फोन ठेवला नाही.

चार कॅमेरे एकदम. पूर्ण आकारात.
घरी मी यांच्या लहान, धुरकट नकला करून काम करते,
त्याही अडखळतात.
पाय उचललेला दिसतो, मग टेकलेला.
मधलं मी समजून घेते.

इथे काहीच अडखळलं नाही.
मामे पोमा, द्वोमोंची बायको, आडोवा नाचत आली,
हात एकमेकांवर, मग वर, मग बाजूला,
आणि बाजूला जाताना, अर्धा सेकंद, त्याहूनही कमी,
बोटं उघडली,
शेजारच्याचा दंड धरायला उघडतात तशी.
शेजारी कुणी नव्हतं.
बोटं मिटली. नाच पुढे.

मी मागे नेलं. परत. परत.
"बघ," बोआदू म्हणाला, "लोण्यासारखं चालतंय."

मी तिथेच कापलं होतं.
नेमकं तिथे, त्या हातावर,
आणि दुसऱ्या कॅमेऱ्यातले ढोलवाले जोडले होते.
माझ्या पडद्यावर त्या जागी नुसता एक धक्का दिसायचा
आणि मला वाटलं, चूक आहे.

आठ वर्षं. वर्षाला चाळीस-पंचेचाळीस शनिवार.
या गुणाकाराला सोळा कोअर लागत नाहीत.

घासाघीस केली, मन नव्हतं तरी केली.
काचेची पेटी नको, साधी पत्र्याची दे,
दिव्यांचे पैसे रॅममध्ये घाल.
कार्ड वापरलेलंच घेतलं.

टॅक्सीत खोका शेजारी बसवून त्याला पट्टा लावला.
ड्रायव्हरने विचारलं, टीव्ही?
हो म्हटलं.
केजेटियाच्या चौकात गाड्या हलत नव्हत्या.
हॅम्बुर्गचा नंबर काढला, पुन्हा ठेवला.
आधी घरी जाऊन, वीज असली तर,
तो हात त्याच्या जागी लावायचा.